वाचकांचे प्रश्न : ई-सायकल, लायसन्स आणि नंबरप्लेट

या महिन्यात सदराकडे सगळ्यांत जास्त पत्रं आली ती ई-सायकल आणि बिनानंबरच्या ई-स्कूटरबद्दलची, म्हणून हा भाग पूर्णपणे त्यांनाच दिला आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून प्रश्न थोडक्यात छापले आहेत. उत्तरं मोटार वाहन कायद्याचं काम करणाऱ्या आणि ई-सायकली दुरुस्त करणाऱ्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, २५० वॉटच्या ई-सायकलला लायसन्स, नंबर, इन्शुरन्स, हेल्मेट काहीच लागत नाही. हे खरं आहे का? (दादर)

उत्तर : खरं आहे, पण दुकानदाराने वाक्य अर्ध्यावर सोडलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम २ मधल्या (यू) या खंडात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे आणि सूटही तिथेच दिली आहे. मोटरची ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते 'मोटार वाहन' धरलं जात नाही. पेडल मारल्यावर मोटर मदत करते अशा सायकलींसाठी आणखी थोडं लिहिलं आहे. वेग वाढेल तसा मोटरचा जोर कमी होत जाऊन २५ च्या वेगाला तो पूर्ण तुटला पाहिजे, आणि पेडल मारणं थांबवलं तर त्याच्या आधीच तुटला पाहिजे. ब्रेक योग्य हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा.

मोटार वाहनच नाही म्हटल्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं लायसन्सचं कलम ३, नोंदणीचं कलम ३९, हेल्मेटचं कलम १२९ आणि विम्याचं कलम १४६ लागू होत नाही. दुकानदार जे सांगतो ते इथवर बरोबर आहे.

तो गाळतो तो भाग असा : या अटी पूर्ण होतात हे नियम १२६ मध्ये नाव असलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे. पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी, मानेसरची आयकॅट या अशा संस्था आहेत. कंपनीने स्वतःच्या माहितीपत्रकात '२५० वॉट, २५ किमी' छापलं म्हणून सूट मिळत नाही. चाचणीचा कागद नसेल तर तुमच्या हातात आहे ती कायद्याने बिनानंबरची मोटारसायकल, मग तिला पेडल असोत वा नसोत.

म्हणून पैसे देण्याआधी त्या मॉडेलच्या चाचणी अहवालाची प्रत मागा. अहवालातलं मॉडेलचं नाव आणि व्हेरियंट बिलावरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का ते बघा. एकाच नावाच्या सायकलीत ३६ व्होल्टची आणि ४८ व्होल्टची अशा दोन प्रकारच्या गाड्या येतात आणि अहवाल एकीचाच असतो, असं घडतं. बॅटरीचा व्होल्ट आणि मोटरची पॉवर अहवालाशी ताडून पाहा. बिलावर फ्रेम नंबर आणि मोटर नंबर लिहून घ्या. कच्चं बिल घेऊ नका. 'कागद नंतर व्हॉट्सअॅपवर पाठवतो' असं उत्तर मिळालं, तर कागद येईपर्यंत ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका.

प्रश्न : माझ्या मोटरवर २५० वॉट लिहिलं आहे, पण कंट्रोलरवर ३६ व्होल्ट, १५ अँपिअर आहे. गुणाकार ५४० वॉट येतो. मग माझी सायकल बेकायदा ठरते का? (मुलुंड)

उत्तर : एवढ्यावरून नाही. नियमात '३० मिनिटांची पॉवर' म्हटलं आहे. मोटर टेस्ट बेंचवर सलग अर्धा तास जेवढी पॉवर देऊ शकते, ती ही. कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट जाईल ते ठरवणारी डबी; तिच्यावरचा आकडा हा क्षणभर ओढल्या जाणाऱ्या करंटची कमाल मर्यादा सांगतो. सिग्नलवरून सुटताना किंवा फ्लायओव्हरचा चढ चढताना सायकल अर्धा मिनिट ५०० वॉट ओढेल आणि सपाटीवर आली की दीडशेवर येईल. शिवाय ५४० हा बॅटरीतून निघणारा आकडा आहे. त्यातला काही भाग उष्णतेत जातो, चाकाला मिळतो तो कमीच.

अडचण येते ती दुकानात 'पिकअप वाढवून देतो' म्हणत १५ अँपिअरचा कंट्रोलर काढून २२ किंवा २५ अँपिअरचा लावला की. मग अहवालातली सायकल आणि तुमची सायकल एक राहत नाही, आणि यंत्रालाही ते झेपत नाही. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेल्या मोटरमध्ये, आत नायलॉनचे छोटे दाते असतात, ते आधी झिजतात. चालू केल्यावर कर्रकर्र आवाज येतो आणि चाक फिरत नाही. त्यानंतर मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणारे हॉल सेन्सर जातात. ॲक्सलला फिरू न देणारा टॉर्क वॉशर सैल असेल तर ॲक्सलच फोर्कच्या खाचेत फिरतो आणि मोटरची वायर पिळून तुटते. पुढच्या चाकात मोटर असेल आणि फोर्क ॲल्युमिनिअमचा असेल तर खाच फाटून चाक निसटू शकतं. हे भर रहदारीत झालं तर काय होईल ते सांगायला नको.

बॅटरी बदलण्याचंही तसंच आहे. हब मोटरचा वेग व्होल्टच्या प्रमाणात वाढतो. ३६ च्या जागी ४८ व्होल्ट लावले की २५ ची सायकल ३३ च्या घरात जाते. तिथे सूट संपली.

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिथली त्याची क्लास ३ ई-बाईक तो आमच्यासाठी आणणार म्हणतो. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे असं तो सांगतो. इथेही महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे का? (विलेपार्ले)

उत्तर : अमेरिकेत मुलगा म्हणतो तसंच आहे. तिथला केंद्रीय ग्राहक-सुरक्षा कायदा ७५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि केवळ मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी वेग अशी व्याख्या करतो, पण रस्त्यावर काय चालेल ते राज्य ठरवतं. बऱ्याच राज्यांनी तीन वर्ग केले आहेत. क्लास १ मध्ये पेडल मारलं तरच मदत, २० मैलांपर्यंत. क्लास २ मध्ये थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता हाताने मोटर चालवायची सोय, २० मैलांपर्यंत. क्लास ३ मध्ये पेडल मारल्यावर मदत, २८ मैलांपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ४५ किलोमीटर. कॅलिफोर्नियात क्लास ३ साठी वय किमान १६ हवं आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे. न्यूयॉर्क राज्यात क्लास ३ चा अर्थच निराळा : थ्रॉटलवर ताशी २५ मैल, आणि तेही दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरातच.

आपल्याकडे सायकल कुठे संपते आणि मोटार वाहन कुठे सुरू होतं ही रेघ केंद्राच्या नियमांनी आखली आहे. मुंबईत, पणजीत, बेळगावात ती एकच आहे. राज्याच्या हातात आहे तो वाहन कर, आरटीओची तपासणी, ई-वाहनांच्या सवलती आणि कोणत्या रस्त्यावर कोणतं वाहन बंद ते ठरवणं.

त्यामुळे मुलाची क्लास ३ इथे मोटार वाहन ठरेल, कारण २५ किलोमीटरची अट ती मोडते आणि बहुधा पॉवरचीही. भारतातली चाचणी झालेली नसल्याने तिची नोंदणीही होणार नाही. नोंदणीच्या फॉर्म २० सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो, ते येणार कुठून? दुसरी अडचण विमानाची. प्रवाशाला १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, विमान कंपनीच्या परवानगीने १६० पर्यंत. ई-सायकलची बॅटरी ३५० ते ५०० वॉट-अवरची, तीही काही वेळा त्याहून मोठी. ती सामानात टाकून आणण्याचा प्रयत्न कृपया करू नका. मुलाला म्हणावं, तू येताना चांगलं हेल्मेट आण, सायकल इथलीच घेऊ.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे. क्लासला जायला ई-सायकल दिली तर चालेल का? त्याच्या मित्रांकडे बिनानंबरच्या स्कूटर आहेत. (बोरिवली)

उत्तर : सूट असलेल्या, पेडल-असिस्ट ई-सायकलला मोटार वाहन कायद्याची वयाची अट नाही. मित्रांच्या स्कूटरबद्दल मात्र त्यांच्या आईवडिलांशी जरूर बोला. ती स्कूटर सुटीत बसत नसेल, तर १८ वर्षांखालच्या मुलाने ती चालवणं कलम १९९ए मध्ये येतं. तिथे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून भागत नाही; आपल्या नकळत घडलं किंवा ते टाळण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाला सिद्ध करावं लागतं.

मुलासाठी घेताना थ्रॉटल नसलेली सायकल बघा. आसन सर्वांत खाली केल्यावर त्याचे दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, कारण ई-सायकलचं वजन २० ते २५ किलो असतं आणि साध्या सायकलसारखी ती पायाने सावरता येत नाही. दोन्ही ब्रेक लिव्हरला मोटर कट-ऑफ, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच, आहे का हे दुकानातच तपासा : मागचं चाक उचलून मोटर फिरवा आणि लिव्हर अगदी थोडा, अर्धा सेंटिमीटर दाबा. पॅड डिस्कला लागायच्या आधी मोटर बंद पडली पाहिजे. तशी पडत नसेल तर सायकल घेऊ नका. आणि कायद्याने सक्ती नसली तरी मुलाला हेल्मेटशिवाय बाहेर पाठवू नका.

प्रश्न : मी डिलिव्हरीचं काम करतो. स्कूटर आठवड्याच्या भाड्याने घेतली आहे. मालक म्हणाला लायसन्सची गरज नाही. पण गाडी ४०-४५ ने पळते. पकडलं तर कोण भरणार? (घाटकोपर)

उत्तर : दोघंही, आणि आधी तुम्ही. ४५ ने पळणारी गाडी २५ च्या सुटीत बसत नाही. लायसन्सशिवाय चालवल्याबद्दल कलम १८१ खाली चालकाला ५ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बिनानोंदणीसाठी कलम १९२ आहे : पहिल्या वेळी २ ते ५ हजार, पुन्हा सापडल्यास १० हजारांपर्यंत दंड किंवा कैद. विम्यासाठी कलम १९६ आहे, २ हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. लायसन्स नसलेल्याला गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८० लागतं. गाडीत परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२ए खाली प्रत्येक फेरफारामागे ५ हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि अशी गाडी विकणाऱ्या डीलरला गाडीमागे १ लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. कायदा डीलरवर सगळ्यांत कडक आहे, पण रस्त्यावर थांबवलं जातं ते तुम्हाला, आणि तुमचा त्या दिवसाचा रोजही बुडतो.

आपली गाडी कुठल्या बाजूला आहे हे तुम्ही स्वतः तपासू शकता. स्टँडवर चाक मोकळं फिरवून मीटर पाहू नका. भार नसताना चाक फार वेगाने फिरतं आणि आकडा फसवतो. पहाटे, रस्ता रिकामा असताना, सपाट जागी, पूर्ण चार्जवर, मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा. मोबाइल होल्डरमध्ये लावा किंवा मागे बसलेल्याकडे द्या. २५ च्या वर गेला की उत्तर मिळालं.

मग सीटखाली बघा. कंट्रोलर म्हणजे ॲल्युमिनिअमची खाचा असलेली डबी. तिच्यातून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात बऱ्याच गाड्यांत एक बारीक जोडी असते, बहुतेकदा पांढरी, छोट्या प्लास्टिक कनेक्टरने एकमेकींना जोडलेली. ती वेगमर्यादेची वायर. कनेक्टर सोडवून ठेवलेला असेल, वायर कापून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, तर मर्यादा काढलेली आहे. त्याचा फोटो काढा, भाड्याची पावती किंवा पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा, आणि मालकाला व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा की गाडी मूळ स्थितीत आणून द्या किंवा नंबर असलेली द्या. हे केलंत म्हणून चालक म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, पण गाडी कोणी बदलली हे तरी स्पष्ट राहतं.

रोजचं कामच हे असेल तर आमचा आग्रह आहे की लायसन्स काढाच. विनागिअर दुचाकीचं लायसन्स काढून नोंदणीची ई-स्कूटर भाड्याने घेतलीत, म्हणजे हिरव्या पाटीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरं असलेली, तर तुम्ही निर्धास्त. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राची फी माफ आहे, त्यामुळे 'नोंदणीचा खर्च परवडत नाही' ही मालकाची सबब टिकत नाही.

प्रश्न : जुन्या सायकलला ई-किट लावून घेतलं तर? (गिरगाव)

उत्तर : ३५० किंवा ५०० वॉटचं किट असेल तर प्रश्नच नाही, ते सुटीबाहेर आहे. २५० वॉटखालचं किट लावलं तरी अडचण उरतेच, कारण नियमाला वाहनाची तपासणी हवी आहे. किटच्या खोक्यातला कागद मोटरबद्दल असतो. तुमच्या फ्रेम, ब्रेक आणि रिफ्लेक्टरसकट तयार झालेल्या सायकलबद्दल नसतो. साध्या सायकलचे रबरी कॅलिपर ब्रेक पावसात २० किलोच्या वजनाला पुरत नाहीत, हे वेगळंच. किटवर खर्च करण्यापेक्षा चाचणी झालेली सायकल घ्या.

प्रश्न : सायकल आहे म्हटल्यावर सी लिंकवरून जाऊ शकतो का? (वरळी)

उत्तर : नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू दुचाकींना बंद आहेत, आणि सायकलींनाही. जे. जे. उड्डाणपुलावरही दुचाकी बंद आहेत. नोंदणीतून मिळालेली सूट म्हणजे रस्त्यावरच्या बंदीतून सूट नव्हे. कोस्टल रोडच्या कडेच्या विहारपथाकडे जायचं असेल तर पादचारी भुयारी मार्गातून सायकल हाताने ढकलत न्या.

प्रश्न : विमा नाही, तर अपघात झाल्यावर काय? मी कोणाला धडक दिली तर, आणि कोणी मला दिली तर? (चेंबूर)

उत्तर : तुम्हाला मोटारीने धडक दिली तर सूट असलेला ई-सायकलस्वार हा साध्या सायकलस्वारासारखाच. त्या मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याकडून भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कलम १६६ मध्ये आता सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून टाळाटाळ करू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. दोन्हींसाठी पोलिसांत नोंद झालेली असणं महत्त्वाचं आहे. हॉस्पिटलच्या कागदावर 'सायकलवरून पडले' एवढंच लिहिलं गेलं तर पुढे दावा अडतो. वाहनाची धडक बसली असं स्पष्ट लिहून घ्या.

आता समजा सायकलचा वेग वाढवलेला होता. विमा कंपनीचे वकील पहिल्यांदा तेच काढतील : बिनालायसन्स, बिनानोंदणी मोटार वाहन, म्हणून अपघाताला तुम्हीही जबाबदार. भरपाई कापून घेण्याचा प्रयत्न होईल. २० चा वेग ३५ करून वाचवलेली दहा मिनिटं या एका ठिकाणी फार महाग पडतात.

तुम्ही कोणाला धडक दिलीत तर विमा कंपनी तुमच्या मागे उभी नाही, भरपाई खिशातून द्यावी लागते. गुन्हाही नोंदू शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने कोणतंही वाहन हाकण्याबद्दल आहे, त्यात मोटार असण्याची अट नाही. उलट्या दिशेने ई-सायकल घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तुमच्याकडे वैयक्तिक अपघात विमा असेल तर बॅटरीवरच्या सायकलबद्दल त्यात काही अपवाद लिहिला आहे का, तेवढं कंपनीकडून ईमेलवर विचारून घ्या.

प्रश्न : सोसायटीने जिन्याखाली चार्जिंग बंद केलं. सेक्रेटरी म्हणतात आगीचा धोका आहे आणि कॉमन मीटरवर बिल चढतं. त्यांना असं करता येतं का? (कांदिवली)

उत्तर : जिन्याखालचं चार्जिंग बंद केलं हे त्यांनी योग्यच केलं. इमारतीत आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते, ती मोकळी ठेवणं हे सोसायटीचं कर्तव्य आहे. लिथियम बॅटरी पेटली की काही क्षणांत दाट विषारी धूर सोडते आणि जिना आधी त्याने भरतो.

बिलाचा मुद्दा मात्र हिशेबात टिकत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. चार्जरमधला तोटा धरून पूर्ण चार्जला साधारण ०.४ युनिट लागतं. महिन्यात वीस वेळा चार्ज केलं तरी ८ ते ९ युनिट. तरीही ते तुमच्याच मीटरवर पडलं पाहिजे हे सेक्रेटरींचं म्हणणं रास्त आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या आहे त्या वीजजोडणीवर स्वतःचं वाहन चार्ज करता येतं; बेस्ट असो, अदानी असो, टाटा असो वा महावितरण, वेगळं मीटर लागत नाही. बॅटरी निघणारी असेल तर काढून घरात न्या.

घरात कशी चार्ज करायची ते नीट वाचा, कारण आगी बहुतेक चुकीच्या चार्जरने लागतात. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, ४८ च्या बॅटरीचा ५४.६ चा. दोघांची पिन पुष्कळदा सारखीच असते. घरात दोन सायकली असतील तर चार्जरवर मार्करने ठळक आकडा लिहून ठेवा. दाराजवळ, पलंगाखाली, गादीवर, देवघराशेजारी चार्ज करू नका. लादीवर, पडद्यापासून दूर, आणि बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत नसेल अशा जागी ठेवा. भर उन्हातून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, मग लावा. रात्रभर लावून झोपू नका. २ अँपिअरच्या चार्जरवर रिकामी बॅटरी पाच ते सहा तासांत भरते, संध्याकाळी लावून झोपण्याआधी काढता येते. बॅटरी फुगली, खोक्याची कड उघडली, गोडसर रसायनासारखा वास आला, किंवा पूर्वी ३० किलोमीटर चालणारी अचानक १२ वर आली, तर चार्ज करू नका. ती भंगारवाल्याला विकू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे परत द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : पाणी तुंबलेल्या रस्त्यातून ई-सायकल नेली तर चालते का? (परळ)

उत्तर : चाकाच्या मध्याच्या, म्हणजे हबच्या वर पाणी असेल तर नाही. हब मोटरची वायर ॲक्सलमधून आत जाते आणि पाणी तिथूनच शिरतं. हिंदमाताच्या पाण्यात उतरावंच लागलं तर आधी सायकल बंद करा, बॅटरी काढून पाठीवरच्या पिशवीत घ्या आणि ढकलत न्या. नंतर दोन दिवस सावलीत वाळवा. चार्जिंग पोर्टमध्ये हिरवट थर दिसला तर तो साफ करून घेतल्याशिवाय चार्जर लावू नका. ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ स्विच पावसाने जाम होतो, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला वर सांगितलेली चाक उचलून बघायची तपासणी करा.

प्रश्न : अहवाल असूनही पोलिसांनी सायकल उचलून नेली. ती कशी सोडवायची? आणि अहवाल खोटा निघाला तर? (अंधेरी)

उत्तर : सुटीतल्या वाहनाला नंबर नसतो, आणि बिनानोंदणी गाडीलाही नंबर नसतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या अंमलदाराला दोघी सारख्याच दिसतात, म्हणून वाद घालण्याआधी कागद पुढे करा. राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने २०२२ मध्ये बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीम काढायला सांगितली होती, तेव्हापासून तपासणी वाढली आहे.

बिनानोंदणी वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. गाडी नेली तर ताबा घेतल्याची पावती मागा, त्यावर कलम लिहिलेलं असावं. बॅटरी, चार्जर, किल्ली यांची नोंद करून घ्या. बॅटरी निघणारी असेल तर ती काढून घेण्याची विनंती करा. उघड्यावर पावसात पडून ती खराब होते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात मालकाला कागदपत्रांसह गाडी सोडवण्यासाठी अर्ज करण्याची सोय आहे. अर्जाला चाचणी अहवाल, पक्कं बिल, फ्रेम नंबरचा जवळून घेतलेला फोटो आणि ओळखपत्र जोडा. अहवालातलं मॉडेलचं नाव आणि बिलातलं नाव पेनाने अधोरेखित करा, अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. वेगाबद्दल शंका असेल तर मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी करून मागा. ताडदेव, वडाळा, अंधेरी आणि बोरिवली इथे आरटीओ आहेत. ज्या वाहतूक चौकीने गाडी नेली तिथे कोणत्या कार्यालयाकडे प्रकरण गेलं ते विचारा.

अहवाल दुसऱ्याच मॉडेलचा निघाला तर सायकल तुम्हाला रस्त्यावर आणता येणार नाही, पण पैसे बुडाले असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि विक्रेत्याला स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. नोटिशीत तीनच गोष्टी लिहा : कोणत्या तारखेला, कोणत्या बिलाने, 'लायसन्स-नोंदणी लागत नाही' असं सांगून काय विकलं, अहवाल कशाचा निघाला, आणि किती रक्कम परत हवी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि दुकानदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज नोटीस पाठवण्याआधीच जपून ठेवा, कारण नोटीस पोचल्यावर जाहिरात काढून टाकली जाते.